काळी पाचनं घात केला

मित्रांनो, मी एक जुनी पेटी हाये. कपड्याची नाई, बाजाची. भाता हालवला की गाणारी. अन् आधीच सांगून ठेवते, मी काही गरीब बिचारी नाई. मी लय खुनशी हाये. डोळे पुसाले रुमाल आणला असन तं घडी करून ठेवा.

मेहकरच्या पुंजाजी मास्तरनं मले विकत आणलं, त्याच्या पोरीसाठी, पुष्पांजलीसाठी. गाण्यासाठी? हट्! पोरगी पाहाले पाहुणे आले, पोहे खाऊन झाले, की मास्तर मिशीत हासत म्हणे, "आमची पुष्पा पेटी बी वाजवते हो." मंग तिनं मले पुढं ओढावं अन् एकच अभंग वाजवावा. तोही काळी एकमध्येच. म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीवर सा धरून. काऊन? तं शिकवणाऱ्या बुवाचा गळा तिथं लागे. पोरीचा कुठं लागते हे कोनी इचारलंच नाई. सहाव्या पाहुण्यानं हो म्हटलं. तो गुलाबराव. मी बी आली अमडापूरले, ट्रॅक्टरवर, गादी अन् कपाटाच्या मधात दबून.

गळ टाकला, मासोळी सापडली, गळाले कोन पुसते? सत्तावीस वर्षं मी कोपऱ्यात. माह्या डोक्यावर लोणच्याची बरणी. तेल झिरपे, मोहरी गळे, भात्यात झुरळाईचं बारसं होये. दर दिवाळीले गुलाबराव माह्यावर उभा राहून बल्ब लावे. मी मनात म्हटलं, येऊ दे. कधी तरी बोट लावनच हे बाई. तवा पाहू!

अन् आली की. सेहेचाळीस वर्षांची झाल्यावर आली.

झालं असं. गावच्या सप्ताहात दुपारी तीन ते चार हा तास बायाईच्या भजनाचा. पेटीवर मातर इंद्रभान. माणसाईच्या मंडळाचा पेटीवाला, लय ताठ. तो बायाईले बी काळी एकमध्येच गायले लावे. बायाईचा आवाज खाली खाली जाऊन पार आडात बुडे. मंग तोच माईकवर म्हणे, "बायाईचा आवाज बसला वाटते." अख्खा मांडव हासे. गेल्या साली पुष्पांजली तिथंच उठून बोलली, "पुढच्या साली आमी आमची पेटी आणू."

"आणा ना वैनी," इंद्रभान म्हणे, "पण जमलं नाई तं तो तास आमच्या मंडळाले. कायमचा. बोला, हाव का?"

"हाव."

हाव म्हणून बसली! अन् पेटी कोनती? मी! सांगा, मले किती आनंद झाला असन.

तिनं बरणी उचलली. फडक्यानं तेलाचा गोल डाग घासू घासू थकली. नाई गेला. मी जाऊ दिलाच नाई. मंग सुरू झाला रियाज, रोज दुपारी, भांडे झाल्यावर. ग दाबला की मी मुकी. हात उचलला की ग बोंबले. भाता मारला की दमेकऱ्यावाणी खोकलून धूळ सोडे, सरळ तिच्या नाकात. बोटं तं तिचे असे कडक झालते जशा जुन्या कवठाच्या काड्या.

गुलाबराव ओट्यावरून वरडे, "अवो, म्हैस व्याली का घरात?"

"तुमीच या मंग म्हशीची वार काढाले," पुष्पांजली म्हणे अन् मले बगलेत एक चापट मारे. "बुढ्ढे, तुले चुलीत घालीन!"

घाल ना. सागवान हाये, धूर लय करीन.

तिच्यासंगं वच्छलाबाई येये, बायाईच्या भजनाची मुख्य गाणारी, साठीची, पण गळा खणखणीत. ते रोज म्हणे, "पुष्पे, काळी पाचमधी धर न वं. तिथं माहा गळा मोकळा होते."

पुष्पांजली दोन दिवस करून पाहे. पण पट्टी बदलली की सगळी बोटं बदलतात. गडबडून जाये. "नाई जमत काकू. माह्या हाताले काळी एकच माहीत हाये." अन् पुन्हा तेच बुवाचं.

मी मनात म्हटलं, वा! बुडव सगळ्याईले आडात.

पण तेवढ्यावर माहं पोट भरत नोयतं. काळी पाचच्या बाजूच्या फटीत मी एक मोहरी जपून ठेवलीती. तिच्याच लोणच्याची. घरी पुष्पांजली हलक्या बोटानं वाजवे, पण मांडवात जोरात दाबलं की मोहरी सरकन, पट्टी खालीच अडकन, अन् सूर वाजतच राहीन. अभंगाच्या दुसऱ्या ओळीत तिचं बोट तिथं जाते हे मले पाठ होतं.

सप्ताहाचा चौथा दिवस. मांडव भरलेला. इंद्रभान सुपारी कातरत पुढंच बसलेला. पहिली ओळ झाली. बायाईचा आवाज चालला खाली. दुसरी ओळ. तिनं काळी पाच दाबली...

खट्! अडकली. पँऽऽऽ!

काय आवाज होता मित्रांनो! माईकवर! सगळं भजन बेसूर. इंद्रभाननं अडकित्ता खाली ठेवला अन् मांडी थोपटून हासला. पुष्पांजलीनं पट्टी उपसून पाह्यली. नाई निघाली. कपाळावर घाम. मले वाटलं, आता रडते. सत्तावीस वर्षं मी याच घटकेसाठी बसून होती.

ते रडली नाई. तिनं भाता तसाच चालू ठेवला, मान तिरपी करून तो अडकलेला सूर ऐकला, अन् वच्छलाबाईले म्हणे, "काकू, हा धरा. हाच सा."

वच्छलाबाईनं धरला. अन् काय सांगू! बारा बायाईचा गळा एकदम वर गेला. भोंग्याच्या तारा हालल्या असतीन. पुष्पांजली कसंबसं चार सूर चाचपडत वाजवे, निम्मे चुकत होते, पण ऐकते कोन? मागं माही काळी पाच एकसारखी वाजत होती, अन् त्याच्यावर बाया नाचवत होत्या अभंग. इंद्रभानची सुपारी तशीच हातात राह्यली, अन् तीन ते चारचा तास बायाईचाच राह्यला.

म्हणजे मी लावलेला सुरुंग माह्याच बुडाखाली फुटला.

नंतर खामगावचा पेटीवाला आला मले दुरुस्त कराले. फटीतून मोहरी काढून त्यानं तळहातावर धरली. पुष्पांजली पाहातच राह्यली. मंग अशी हासली, अशी हासली की पदर तोंडात. "अवो, हे तं माह्या लोणच्याची!" फेकावी की नाई? नाई. काडेपेटीत ठेवली. आता भजनाआधी तेच मोहरी स्वतःच्या हातानं फटीत सरकवते, अन् मले डोळा मारते. मेली माह्यापेक्षा बदमाश निघाली.

तवा पोट्टेहो, उपदेश ऐका. तुमच्या घरात कोपऱ्यात कोनी असंच पडलं असन, बाजा असो का सायकल असो का शिलाई मशीन, त्याच्यावरची बरणी आजच्या आज उचला. विनंती नाई करून राह्यली मी, धमकी देऊन राह्यली. आमी काही विसरत नाई. कोपऱ्यात आमाले दुसरं काम तरी काय असते?