लाल गाय आणि चार बोटं टोपी

पॅरिसात लोखंडी मनोरा उभा राहिला त्या वर्षी ओक्ताव ब्रुनेल आमच्या केरवेन गावात राहायला आला. तेव्हा तो ठिपक्यांनी चित्रं काढायचा. आल्याआल्या त्याने माझ्या माहारित काकूची गाय काढायला घेतली. रोज शे-दीडशे ठिपके. शेपटीपर्यंत पोचला तोवर गाय व्याली आणि पोटाचे सगळे ठिपके चुकले. त्याने बारीक कुंचले गिरणीच्या ओढ्यात सोडून दिले आणि जाहीर केलं, "यापुढे एका वस्तूला एक रंग."

काकूची खाणावळ पुलाजवळ. काका गेल्यापासून ती एकटीच चालवते. कुट्टूची धिरडी, खारं लोणी, सफरचंदाची दारू. दारावरची पाटी पावसाने सडली होती, म्हणून तिने ओक्तावला नवी रंगवायला सांगितली. त्याने रंगवली.

पाटीवर गाय लाल होती. गवत पिवळं. आभाळाच्या जागी गुलाबी. मधोमध काकू, तोंड हिरवं, भोवती बोटभर जाडीची निळी रेघ. सावली कशालाच नव्हती.

रविवारी चर्चमधून सुटलेला सगळा गाव पाटीखाली जमला. हिरव्या तोंडावरून भांडण होणार म्हणून मी पुढची जागा धरून उभा होतो. मग मेयरसाहेब ल फ्लॉक घसा खाकरून म्हणाले,

"टोपी प्लूमोरची आहे."

आणि गाव खवळला.

लाल गाईचं कुणाला काही नव्हतं. गुलाबी आभाळाबद्दल तर एक म्हातारा म्हणाला, मी पाहिलंय असं, खोकल्याचं औषध घेतल्यावर. पण केरवेनच्या बाईच्या पांढऱ्या टोपीचे दोन्ही बाजूंचे कापडी पंख खांद्याला टेकतात. नदीपलीकडच्या प्लूमोरमध्ये ते कानापाशीच संपतात. एवढ्यावरून दोन गावांत सोयरिकी होत नाहीत. पाटीवरच्या काकूचे पंख हनुवटीपाशी थांबले होते. दुसऱ्या दिवशी प्लूमोरचे चारजण खास बघायला आले आणि म्हणाले, ही आमची नाही, आमच्याकडे एवढं कापड वाया घालवत नाहीत.

पाटी सुधारेपर्यंत काकूकडे जेवायचं नाही, असं गावाने ठरवलं. वर नगरपालिकेचा हुकूम निघाला: शनिवारी दुपारच्या घंटेपर्यंत पाटीवरच्या टोपीत आणि मालकिणीच्या टोपीत फरक राहता कामा नये, राहिल्यास पाटी उतरवण्यात येईल. पालिकेत कारकून मीच, त्यामुळे अक्षर माझं होतं. काकू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ग्वेनोले, पाटी उतरली तर गावाच्या म्हणण्याने मी उठले-बसले असं होईल. एकदा तसं झालं की उद्या चुलीवर काय ठेवायचं तेही तेच सांगतील."

मी ओक्तावकडे गेलो.

"चार बोटं पांढरा रंग. एवढंच तर आहे. लावून टाक की."

"लावतो. मग तो पांढरा गाईला भिडतो. गाय सरकवावी लागते. गाय सरकली की पिवळं अपुरं पडतं. मग तुझ्या काकूचं तोंड हिरवं राहत नाही."

"त्याला काकूची हरकत नसेल."

"माझी आहे."

"अरे, पण खऱ्या टोपीचे पंख खांद्याला टेकतात."

"खऱ्या टोपीखाली खांदा आहे. या टोपीखाली लाल रंग आहे. लालने तिला कुठं थांबवायचं ते खांद्याला काय विचारतोस?"

खाणावळीत त्या दिवसांत दोनच गिऱ्हाइकं होती, पॅरिसहून आलेली चित्रकार पोरं. दिवसभर पाटीसमोर चिखलात बसून राहायची. त्यातल्या उंच पोराने एकदा ओक्तावला विचारलं, "आमचे गुरुजी म्हणतात, सावली नसेल तर वस्तू जमिनीवर उभी राहत नाही."

"गाय किती दिवस उभी आहे?"

"आठ."

"पडली?"

पोराने पाटीकडे नीट बघून घेतलं. मग वहीतून गुरुजींकडे चार वर्षांत प्लास्टरच्या पुतळ्यांवरून काढलेल्या नाकांची पानं फाडली आणि काकूला चुलीसाठी दिली. नाकं चांगली पेटली. त्याच आठवड्यात त्याने कॅनव्हासवर आमचा पूल जांभळा रंगवला. पुढे पॅरिसातल्या प्रदर्शनात लोक त्या पुलावर चिडायला तिकीट काढून जात, आणि चिडलेल्यांतली काही पोरं घरी जाऊन स्वतःची झाडं निळी करत, असं त्याने मला पत्रातून कळवलं. पण ते नंतरचं.

शनिवारी पुलाजवळ उभं राहायला जागा नव्हती. मेयरसाहेबांनी शिडी आणली होती, पांढऱ्या रंगाचा डबा आणला होता, आणि मला आणलं होतं. ओक्ताव शिडीच्या पहिल्या पायरीवर बसून होता. मी त्याला ओलांडून तीन पायऱ्या चढलो.

दारातून काकू बाहेर आली. हातात कात्री.

"ग्वेनोले, खाली उतर."

उतरलो.

तिने मान वर करून पाटी बघितली. "ओक्ताव, हनुवटीच्या वर की खाली?"

ओक्ताव उठला. त्याला इतक्या काळजीत मी कधी बघितलं नव्हतं. "किंचित खाली. डावा थोडा लांब ठेवा."

"अंगाला हात न लावता दाखव."

त्याने बोटाने हवेत रेघ मारून दाखवली. काकूने उजवा पंख ताणला आणि कापला. मग डावा. इस्त्रीच्या कडक कापडाचा आवाज चांगला मोठा येतो. बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. एक तुकडा पाण्यात पडला, तो बदकाने नेला.

"माहारित," मेयरसाहेब म्हणाले, "ही टोपी कुठल्या गावची?"

"पाटीवरची. फरक राहता कामा नये म्हणालात. कुणी बदलायचं ते हुकमात आहे का रे, ग्वेनोले?"

"नाही काकू."

दुपारची घंटा झाली. मेयरसाहेबांनी पट्टी मागवली. मी शिडीवर चढून पाटीवरचे पंख आणि तोंड मोजून आलो, मग काकूचे. तोंडाच्या मानाने हनुवटीखाली दोघींचे सारखेच उतरत होते. डावा दोन्हीकडे जरा लांब.

"फरक नाही, साहेब."

"पण हे..." ते म्हणाले. त्यांनी रंगाच्या डब्याचं झाकण बंद केलं, मग उगाच पुन्हा उघडलं.

"पाटी राहील," काकू म्हणाली. "शिडी घेऊन जा. जेवायचं असेल त्याने चिखलाचे पाय बाहेर पुसावेत."

कुणी हललं नाही. मग मागच्या रांगेतून मेयरसाहेबांची बायको पुढे आली. तिचे पंख गावात सगळ्यात लांब. तिने काकूची टोपी एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने बघितली.

"मान वळवताना मध्ये येत नाहीत ना ग आता?"

"नाही."

तिने नवऱ्याकडे बघितलं नाही. काकूपुढे हात केला, आणि काकूने त्यावर कात्री ठेवली.