पाचवं कुटुंब

अनुदान मिळालं नाही, तर हजिरा वस्तीतल्या नशामुक्ती केंद्राला पुढच्या महिन्यात कुलूप लागणार होतं. तिथे राहणारी अकरा माणसं मग कुठे जाणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अर्ज लिहायचं काम सरोजिनीबाईंच्या गळ्यात पडलं, कारण त्या निवृत्त मास्तरीण.

दिल्लीच्या ट्रस्टचा अर्ज मोठा नखरेल. व्यसनापायी माणूस गमावलेली पाच कुटुंबं हवीत, तीही नावानिशी, सहीनिशी. हजिऱ्यातल्या चार बायकांनी एका सकाळीत सह्या दिल्या. पाचवीसाठी बाईंनी शहराच्या लष्कर भागातली आपल्या मराठी माणसांची घरं पालथी घातली. तिथे मात्र दारूने म्हणून कुणी मेलेलंच नव्हतं! कुणाला कावीळ झाली होती, कुणाचं हार्ट बंद पडलं होतं. सुमनताईंनी तर चहा-चिवडा देऊन गोड बोलून बोळवण केली. बाईंना रागवायचीही सोय नव्हती. तीन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा अभिराम गेला, तेव्हा त्यांनीही याच सुमनताईंना "हार्ट" असंच सांगितलं होतं.

"काकू, कल लास्ट डेट है," केंद्र चालवणारी गरिमा फोनवर म्हणाली. "पाचवी फॅमिली मिळाली का?"

"मिळाली," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून पोटभर रडल्या.

मग लिहायला बसल्या. 'उपचार का झाले नाहीत?' या रकान्यापाशी हात अडला. शेवटी लिहिलंच. 'मुलगा स्वतःहून म्हणत होता, मला केंद्रात नेऊन सोडा. घरच्यांनी सांगितलं, गणपती होऊन जाऊ दे.' त्या वर्षी समाजाच्या गणपतीचं अध्यक्षपद रमाकांतरावांकडे, म्हणजे बाईंच्या यजमानांकडे होतं. अध्यक्षांचा मुलगा नशामुक्तीत, ही चर्चा मांडवात नको होती. अभिराम गणपतीच्या सातव्या दिवशी गेला.

सही आईवडील दोघांची हवी होती. रमाकांतरावांनी चष्मा लावून कागद वाचला. पुन्हा वाचला. आता हे कागद फाडणार, म्हणून बाई पदर खोचून भांडायच्या तयारीत उभ्या होत्या.

"हे चुकीचं लिहिलंयस."

"एक अक्षर बदलणार नाही मी."

त्यांनी पेन उचललं, 'घरच्यांनी' खोडलं आणि वर 'वडिलांनी' लिहिलं. "घरच्यांनी कुठे? मी म्हणालो होतो," एवढंच बोलून त्यांनी सही केली.

तीन वर्षं मनातल्या मनात बाईंनी सगळा दोष नवऱ्याच्याच माथी मारला होता, आणि आज तो कागदावरही तसाच उतरत होता. पण त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून पोराने आशेने त्यांच्याकडे पाहिलं होतं. मोदकाचं सारण ढवळता ढवळता, मान वर न करता, त्या म्हणाल्या होत्या, "बाबा म्हणतायत ना? मग दहा दिवस दम धर."

त्यांनी पेन घेतलं. 'वडिलांनी'च्या पुढे 'आणि आईने' लिहिलं, मग सही केली.