चौथ्यांदा नऊ

दरबारी व्हायोलिनवादकाची थोरली लेक गेली चार वर्षं नऊ वर्षांची होती.

नऊ वर्षांच्या पोरीने वाजवलं की लोक तोंडात बोट घालतात, बाराच्या पोरीला नुसतं ‘बरं वाजवते’ म्हणतात, असं बाबांचं गणित. लेकींची टिमकी वाजवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. धाकटीला तर घरीदारी, दरबारातसुद्धा टिमकीच म्हणत.

वय झाकायला आखूड फ्रॉक होता, दोन वेण्या होत्या आणि लहान मुलांचं चिमुकलं व्हायोलिन होतं. फ्रॉक आणि वेण्यांनी निभावून नेलं. व्हायोलिनचं मात्र अवघड झालं, कारण बोटं काही बाबांचं ऐकेनात, ती वाढत राहिली. वरच्या सुरांना दोन बोटं शेजारी मावत नसत. एक उचलावं तेव्हा दुसरं टेके, तेही भलतीकडेच.

“बाबा, आता मोठं द्या ना.”

“राणीसाहेबांसमोर एवढं एकदा होऊ दे, मग देतो.”

राणीसाहेब खूश झाल्या, तर दोघींना दरबारात जागा मिळणार होती. लबाडी कळली, तर बाबांची होती तीही जायची.

दरबारात टिमकीने पियानोवर साथ धरली. पहिला भाग झकास झाला. दुसऱ्या भागात सूर वर चढले, बोटांची चेंगराचेंगरी झाली आणि व्हायोलिन किंचाळलं. थोरलीने पुन्हा प्रयत्न केला. ते पुन्हा किंचाळलं.

टिमकीला ताईचा अपमान सहन होईना. ती ताडकन उठली.

“बाबा नसताना ताई त्यांचं मोठं व्हायोलिन वाजवते, तेव्हा कध्धीच चुकत नाही! पण मोठं घेतलं तर ती नऊची दिसत नाही ना!”

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला.

“मग आहेस केवढी?” राणीसाहेबांनी विचारलं.

थोरलीने बाबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

“बारा पूर्ण,” ती म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला इतकं मोकळं वाटलं, की मनात आलं, आता पुढे काय व्हायचं ते होवो.

राणीसाहेबांनी ओठ घट्ट मिटले. हसू दाबायला, हे जरा वेळाने कळलं.

“वादक, तुमचं व्हायोलिन द्या तिला.”

बाबांनी आपलं व्हायोलिन आजवर कुणाच्या हाती दिलं नव्हतं. ते त्यांनी मुकाट्याने पुढे केलं. थोरलीची बोटं तारांवर ऐसपैस बसली. तिने सगळं पहिल्यापासून वाजवलं आणि कुठे अडली नाही.

“नऊच्या पोरीचं मी कौतुक केलं असतं आणि संध्याकाळपर्यंत विसरले असते,” राणीसाहेब म्हणाल्या. “बारावालीला उद्यापासून वादकांत बसू दे. टिमकीबाईंनी अजून दोन वर्षं शिकावं. आणि वादक, तुम्ही यापुढे फक्त वाजवायचं, मोजायचं नाही.”

घरी जाताना बाबा खाली मान घालून हळूहळू चालत होते. टिमकी पुढे उड्या मारत चालली होती.

“रागावलात?” थोरलीने विचारलं.

“तुझ्यावर कशाला रागावू?” बाबा थांबले. “मी पाच वर्षं आठ वर्षांचा होतो.”

तिला आधी कळेचना. मग कळलं.

“आजोबांनी?”

बाबांनी मान डोलावली. “रोज वाटायचं, कुणीतरी ओळखावं.”

“मग कसे सुटलात?”

“मिसरूड फुटलं,” बाबा म्हणाले, आणि दोघं रस्त्यातच पोट धरून हसायला लागली.