वाक्यात उपयोग

वसुंधराबाईंनी फळ्यावर ‘हेरणे’ लिहिलं आणि खडू ठेवून खुर्चीत टेकल्या. दिवसभर माणिकपूरच्या शाळेत उभं राहून पोटऱ्या भरून आल्या होत्या, आणि फुलपाड्यातल्या या खोलीतली दहावीची शिकवणी अजून संपायची होती.

“हेर आणि हेरणे एकाच घरातले शब्द. लपून पाहायचं, नेमकं टिपायचं. करा वाक्यात उपयोग.”

“वाघाने सावज हेरले.”

“चोराने बंद घर हेरले.”

दरवर्षीची वाक्यं. बाईंनी डोळे मिटूनच मान हलवली. “उन्नती, तू सांग.”

“बाबा जिना चढायला लागले की आई त्यांची पावलं हेरते.”

“पावलं ऐकतात, बाळा.”

“ऐकत नाही, बाई. हेरते.” उन्नती पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. “पावलं कशी पडतायत त्यावर ठरतं, ताटं घ्यायची की मला गच्चीवर पाठवायचं.”

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

“वाक्य बरोबर आहे,” बाई म्हणाल्या.

शिकवणी सुटल्यावर त्या उन्नतीबरोबरच निघाल्या. शेजारचीच इमारत, तिसरा मजला. कठडा धरून त्या दोनदा थांबल्या. काय बोलायचं ते वर पोचेपर्यंत सुचलं नाही.

आईने दार उघडलं. तिची नजर आधी मुलीवरून, मग बाईंच्या चेहऱ्यावरून सावकाश फिरली.

“हिचं काही चुकलं का, बाई?”

“छे. शब्दांची चांगली जाण आहे तिला.”

“मग ठीक.” तिने बाही मनगटापर्यंत खाली ओढली. “आमच्याकडे सगळं बरं आहे.”

बाईंनी तसं काही विचारलं नव्हतं.

खाली मोटारसायकल येऊन थांबली. आईने नुसतं पाहिलं, तशी उन्नती दप्तर न उतरवताच वरच्या जिन्याकडे वळली.

“हे आले वाटतं. तुम्ही निघा, बाई. उगाच उशीर होईल तुम्हाला.”

घरी जाऊन उशीवर पाय टाकून पडायचं, एवढंच दुपारपासून बाईंच्या मनात होतं. त्यांनी चपला काढल्या. आत जाऊन प्लास्टिकची खुर्ची दाराकडे तोंड करून ओढली आणि तीत बसल्या.

“उन्नती, ये, इथे बस माझ्याजवळ.” मग आईकडे पाहून म्हणाल्या, “चहा टाका ना. चौघांना पुरेल एवढा.”