पाण्याआधीची सही

सदाशिवरावांच्या मोशीतल्या फ्लॅटच्या बैठकीत रंगरावाने नकाशा पसरला आणि त्यांना आपलंच काम ओळखू येईना. डोंगर सगळे जिथल्या तिथे. कोपऱ्यात त्यांची सही. पण रंगरावाची अख्खी वाडी ज्यावर जगते, तो काळकाईचा ओढाच गायब!

चाळीस वर्षांमागे, मोजणी खात्यात असताना, भामा नदीच्या वरचं ते रान दोघांनी पायाखाली घातलं होतं. रंगराव पुढे, कोयत्याने वाट काढत. सदाशिवराव मागे, वहीत रेघा ओढत. भर वैशाखात वाहतं पाणी डोळ्यांनी पाहावं, मगच निळी शाई उचलावी, असा त्यांचा खाक्या.

“तिथं आता कंपनीला गोदाम बांधायचंय,” रंगराव म्हणाला. “ह्यो कागद नाचवत्यात. म्हंत्यात, वढा हायच कुठं? तुमच्या सायबानंच न्हाई काढला.”

हे काम कोणाचं, ते सदाशिवरावांना लगेच कळलं. निरंजन! त्यांच्या हाताखाली तयार झालेला, सणावाराला त्यांच्याच पंगतीला बसणारा. जुन्या वह्या संगणकावर जपून ठेवतो म्हणून घेऊन गेला. त्यांवरून केलेल्या नव्या नकाशाचे आधी नुसते डोंगर आणून दाखवले. यांनी भिंग लावून उंची न् उंची तपासली. “पाणी पुढच्या आठवड्यात चढवतो सर, सही करून ठेवा,” म्हणाला. यांनी केली. खात्यात प्रत्येक रंगाचा छाप वेगळा निघे. तपकिरी डोंगरांवर सही झाली की निळं पाणी मागून येतच असे. कधी अडलं नव्हतं. विश्वासाच्या माणसापुढे शहाणासुद्धा बैल होतो, दुसरं काय!

त्यांनी फोन लावला.

“सर, कंपनीला तसाच हवा होता,” निरंजन म्हणाला. आवाज जराही कापला नाही.

“आणि माझ्या वह्या?”

“त्याही त्यांच्याकडेच आहेत आता.”

केसाने गळा कापला होता मेल्याने. संताप आला, आणि त्याहून जास्त रडू.

“मला फसवलं रे त्याने, रंगराव.”

“तुमाला त्यानं फसवलं. आन् आमाला कुनी?” रंगराव उठला. “सही तर तुमचीच हाय. उद्या सुनावणी हाय, सायेब.”

तो जिना उतरून गेला. सदाशिवरावांनी सुनावणीत द्यायला एक कोरा कागद ओढला. आता आपल्या जन्मभराच्या नकाशांवर लोक शंका घेणार, हे त्यांना कळत होतं. पहिल्या ओळीत त्यांनी निरंजनचं नाव लिहिलं, मग खोडलं. खाली लिहिलं, ‘मी पाणी न बघता सही केली.’