पुसलेला झेंडा

बजाजनगरातल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात रूपाली लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायची. जातीचा दाखला, परीक्षेचा अर्ज, पेन्शनचं हयातीचं प्रमाणपत्र, जे येईल ते. त्यासाठी घेतलेला रंगीत प्रिंटर पुढच्या खोलीत खिडकीशी असे. नवरा राजेंद्र वाळूजच्या कंपनीत पाळीवर जायचा. घरात तिसरं माणूस म्हणजे सासू गोजरबाई. शेंद्र्याहून इथं राहायला येऊन त्यांना आठ वर्षं झाली होती, पण अजून शेंद्र्याला निघाल्या की ‘घरी जाऊन येते’ असंच म्हणायच्या.

गोजरबाईंनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. दुपारी फॉर्मवाल्यांची वर्दळ थांबली की वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर त्या निळ्या-काळ्या पेनांनी चित्रं काढत बसायच्या. एक शिंग वाकडं असलेली चंद्री म्हैस. विहीर आणि तिच्या काठावर वाकलेल्या बाया. डोक्यावर दगड घेऊन चाललेली रांग, आणि त्या दगडांतून उभा राहिलेला वस्तीतला बुद्धविहार, वर निळा झेंडा.

हे गोधडीवर यावं असं रूपालीच्या डोक्यात आलं. गोजरबाईंच्या गोधड्या अवघ्या गल्लीत माहीत होत्या. जुन्या लुगड्यांचे चार थर आणि त्यावर मुंग्यांच्या रांगेसारखा बारीक धावदोरा.

“कापडावर कसं उमटंल गं ते? कागद हाय का त्यो?” गोजरबाई म्हणाल्या.

“उमटवू की आत्या. बघू तरी.”

पहिले पंधरा दिवस नुसती नासाडी झाली. कापड रोलरमध्ये गुंडाळून बसायचं, शाई पसरायची, पाण्यात घातलं की म्हैस वाहून जायची. मग हळूहळू जमत गेलं. चित्र स्कॅन करून ठेवायचं. सुती कापडाची खळ धुऊन काढायची, तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळवायचं, कडक इस्त्री मारायची. स्टिकरच्या मोठ्या कागदावर सुरकुती न पडू देता चिकटवायचं आणि कडेचा एकूण एक धागा कात्रीनं उडवायचा, कारण एक धागा लोंबला तरी प्रिंटर अडकतो. पाण्यानं न उतरणारी शाई मागवली. एकेक पान हातानं आत सरकवताना रूपाली श्वास धरून उभी राहायची. चंद्री पहिल्यांदा धड बाहेर आली तेव्हा गोजरबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “लई वर्सांनी भेटली बाई.”

त्या हिवाळ्यात तीस तुकडे जोडून एक गोधडी झाली. ती पाहून शेजारची तनुजा म्हणाली, “वहिनी, आमच्या मॅडमला दाखवा ना.” तनुजा ज्योतीनगरात मृण्मयी मॅडमच्या दुकानात कामाला होती. हातमागाचं कापड, गोधड्या, मातीची भांडी असं तिथं मिळायचं, आणि वर्षातून एकदा मॅडम ‘ओंजळ’ नावाचं प्रदर्शन भरवायच्या.

मृण्मयी मॅडमनी गोधडी पाहिली, डोळ्यांना चष्मा लावून जवळून पाहिली. “आजी, काय हात आहे हो तुमचा!” म्हणाल्या. निवड समितीला दाखवायला म्हणून छापलेले सहा सुटे तुकडे ठेवून घेतले. महिन्यानं फोन आला. आवाज गोड होता.

“रूपाली, वाईट वाटून घेऊ नकोस. समितीचं म्हणणं पडलं, की हे प्रिंटरवर छापलेलं आहे. आपलं प्रदर्शन अस्सल हातकामाचं. मशीनचं त्यात बसत नाही गं.”

रूपालीनं ‘बरं मॅडम’ म्हणून फोन ठेवला. तुकडे मागायचं राहूनच गेलं. गोजरबाईंनी सगळं ऐकलं होतं. “टाके तर म्याच घातलेत की,” एवढंच बोलल्या, आणि बरेच दिवस त्यांनी पेन हातात घेतलं नाही.

दिवाळीच्या आधी तनुजाचा व्हॉट्सॅपवर फोटो आला. दुकानाच्या काचेत डबलबेडची चादर अंथरलेली, आणि खाली तनुजानं लिहिलेलं: ‘वहिनी, ही तुमची म्हैस नाय का?’

रूपालीनं फोटो मोठा केला. वाकडं शिंग. विहीर. वाकलेल्या बाया. समोर बसलेल्या पोराचा अर्धा भरलेला फॉर्म तिनं तसाच बंद केला. “उद्या ये,” म्हणाली.

“आत्या, लुगडं बदला. शहरात जायचंय.”

सिटी बसनं दोघी बाबा पेट्रोल पंपाला उतरल्या, तिथून रिक्षा केली. दुकानात पाच-सात गिऱ्हाइकं होती. मधल्या टेबलावर चादरींची चळत, उशांचे अभ्रे, आणि शेजारी एक पुठ्ठ्याची पाटी: ‘मातीच्या आठवणी. मराठवाड्याच्या लोककलेतून साकारलेली मृण्मयी यांची नवी मालिका.’

रूपालीनं वरची चादर उचलली. गुळगुळीत कापड, कुठल्याशा मोठ्या छापखान्यातून शेकड्यानं आलेलं. विहिरीच्या काठाजवळ केसाएवढी पांढरी रेघ आडवी गेली होती. ती रेघ तिनं तत्काळ ओळखली. मॅडमना दिलेले तुकडे छापले त्या आठवड्यात तिच्या प्रिंटरची काळी शाई अडकली होती आणि विहिरीच्या प्रत्येक पानावर तिथंच रेघ उमटली होती. गोजरबाईंच्या कागदावर ती रेघ नव्हतीच. म्हणजे चादर छापली गेली ती त्या ठेवून घेतलेल्या तुकड्यांवरून.

तोवर मृण्मयी मॅडम आतून आल्या होत्या. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला, पण लगेच हसल्या. “अरे, आजी! या ना, आत बसू. चहा सांगते.”

“आत नको मॅडम. इथंच बोलू,” रूपाली म्हणाली. आवाज तिलाच अनोळखी वाटला. “ही चित्रं आमच्या आत्यांची आहेत.”

“हो गं, प्रेरणा तिथूनच. पण असं बघ, म्हैस, विहीर, पाणी भरणाऱ्या बाया, हे सगळं लोककलेतलं आहे. लोककलेला एक कुणी मालक नसतो. ती लोकांची असते.”

गोजरबाई पुढं झाल्या. “लोक म्हंजी कोण वं बाई?”

“म्हणजे… आपण सगळेच, आजी.”

“मंग सांगा बरं, ह्या म्हशीचं शिंग कशानं वाकडं झालं?”

एक गिऱ्हाईक हातातला अभ्रा धरून तसंच उभं राहिलं.

“गव्हाणीत अडकून मुरगाळलं व्हतं. रेडकू असताना. म्या हळद भरली व्हती तिला. चंद्री नाव तिचं. तुमच्या लोकांत हाय का कुनाला ठावं?”

“आणि मशीनचं म्हणून नाकारलंत ना आम्हाला?” रूपालीचा संताप आता शब्दांच्या पुढं धावत होता. “मी एकेक कापड हातानं सरकवून छापायचे, ते नकली. तुम्ही कारखान्यातून शेकड्यानं छापून आणलं, ते अस्सल? ही रेघ बघा. माझ्या प्रिंटरचा दोष आहे हा. तोसुद्धा उचललात, मॅडम!”

“आवाज खाली ठेव, रूपाली. गिऱ्हाइकं आहेत.”

“असू द्या की. त्यांनापण कळू द्या.”

एवढ्यात गोजरबाईंचा हात चादरीवर एका जागी थांबला. विहाराचं चित्र होतं. दगडांची रांग होती, पायऱ्या होत्या, कमान होती. वर नुसतं आभाळ होतं. त्यांनी बोटानं तिथं दोनदा चाचपलं, कापडाखाली काही दडलंय का पाहावं तसं.

“रूपे, हितं झेंडा व्हता.”

रूपालीनं वाकून पाहिलं. इतका वेळ तिला हे दिसलंच नव्हतं. रेघ जशीच्या तशी राहिली होती, आणि झेंडा सफाईनं पुसला होता.

“हे कुणी केलं?” तिनं विचारलं.

मृण्मयी मॅडमनी चष्मा काढून हातात घेतला. “हे बघ, यात कुणाचा अनादर नाही. पण चादर आहे ही. बेडरूममध्ये जाते. पुण्याला जाते, बेंगळुरूला जाते. तिथं असं काही… म्हणजे लोक प्रश्न विचारतात. डिझाइन जरा तटस्थ ठेवावं लागतं.”

“तटस्थ म्हंजी?” गोजरबाईंनी सुनेला विचारलं.

“म्हणजे आपलं सगळं घ्यायचं आत्या, आणि आपण आहोत हे कळू द्यायचं नाही,” रूपाली म्हणाली.

गोजरबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी चादरीची नीट घडी घातली, घडीवर हात ठेवला आणि मॅडमच्या डोळ्यांत बघत बोलल्या. “ह्या विहाराच्या पायाला म्या दगड वाहिलेत. राजेंद्र पोटात व्हता. झेंडा लावला त्या दिशी माझा सासरा लेकरावानी रडला. त्यो झेंडा नसल त त्ये नुसतं दगडाचं घर हाय बाई. तसलं घर तुमचं तुम्ही काढा. माझ्याकडनं नेऊ नका.”

अभ्रा हातात धरलेल्या बाईंनी तो टेबलावर ठेवला आणि त्या बाहेर पडल्या. मॅडमनी पुन्हा आवाज मऊ केला. कार्डावर ‘प्रेरणा: गोजरबाई, शेंद्रा’ असं छापू म्हणाल्या, उरलेल्या मालाला चिकटवू. रूपालीनं मान हलवली. “प्रेरणा नाही. चित्रं त्यांची आहेत. चादरी काढून घ्या.”

तसं झालं नाही म्हणून तिनं पुढची पावलं उचलली. दुसऱ्यांचे अर्ज लिहून तिचा हात तयार होताच. राजेंद्रच्या ओळखीचे बद्रीनाथ वकील कोर्टात बसायचे. त्यांना तिनं मूळ कागद, स्कॅन केल्याच्या तारखा, समितीसाठी तुकडे ठेवून घेतल्याचा मॅडमचाच मेसेज, असं सगळं लावून दिलं. नोटीस गेली. राजेंद्र आधी म्हणाला होता, “कशाला मोठ्या माणसांच्या नादी लागतीस?” पण चादरीचा फोटो पाहिल्यावर तो खुर्चीतून उठला आणि स्वतः पोस्टात जाऊन आला.

तीन आठवड्यांनी काचेतली चादर गेली. दुकानाच्या साइटवर त्या मालिकेखाली ‘स्टॉक संपला’ असं आलं. माफी नाही, खुलासा नाही. पुण्याला गेलेल्या चादरी कुणाकुणाच्या पलंगांवर पोचल्या, ते कुणी सांगितलं नाही. तनुजाला मात्र ‘तुझी गरज नाही’ म्हणून कामावरून काढलं. ती आता रूपालीबरोबर कापड चिकटवायला बसते. तिच्या गेलेल्या नोकरीचा विषय निघाला की रूपालीच्या हातातली कात्री अजूनही जोरात चालते.

“संपला म्हनं,” गोजरबाई फणकारल्या. “चोरला व्हता आसं लिव्ह म्हनावं.”

जानेवारीत कुरियरनं एक पाकीट आलं. आत ते सहा तुकडे होते, सोबत चिठ्ठी नाही. विहाराच्या तुकड्यावर झेंड्याभोवती पेन्सिलनं गोल केलेला होता आणि बाजूला बारीक अक्षरात एकच शब्द.

“काय लिवलंय?” गोजरबाईंनी विचारलं.

“काढणे.”

“काढलाय की म्या.” त्या बुचकळ्यात पडल्या. “ह्यो काय दिसतोय.”

रूपालीला गप्प बसवेना आणि सांगवेनाही. शेवटी म्हणाली, “तसं नाय आत्या. काढणे म्हंजी पुसून टाका. छापणाऱ्याला सांगितलंय.”

गोजरबाईंनी त्या गोलावरून बोट फिरवलं. साबणानं धुवायला म्हणून रूपालीनं तुकडा घ्यायला हात पुढं केला, तसा त्यांनी तुकडा आपल्याकडं ओढला.

“धुऊ नगं. ह्यो असाच लावायचा. पार मधोमध.”

“ते अक्षरपण?”

“अक्षरच तं दावायचंय. ज्याला वाचता येतं त्यानं वाचावं.”

त्यांनी जुन्या लुगड्यांचे थर जमिनीवर पसरले, तुकडा मध्यावर ठेवला आणि सुई मागितली. रूपालीनं ओवून दिली. पहिला टाका त्यांनी त्या शब्दाच्या कडेनं घातला, अक्षराला धक्का न लावता.