क्लबचा ड्यूटी चार्ट

चौतीस वर्षं मी कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली. कोण आलं, कोण नाही आलं, कोण सव्वाआठला येऊन आठची सही ठोकू बघतंय, हे पाहणं माझं काम. लोक माझ्यामागे मला 'सायरनबाई' म्हणत आणि मला ते माहीत होतं. मला त्याचं वाईटही वाटत नसे. आठ म्हणजे आठ, यात चुकलं काय?

रिटायर झाल्यावर टाउनशिपचं क्वार्टर सोडलं आणि जवळच अवधपुरीत दोन खोल्यांचं घर घेतलं. एकटीच होते. मग माझ्या भाचीची मुलगी सिंधू कॉलेजसाठी भोपाळला आली आणि माझ्याकडे राहिली. विषय घेतला रिक्रिएशन मॅनेजमेंट. शेजारणीने विचारलं, "खेळायचं कसं ते आता कॉलेजात शिकवतात?" मी म्हटलं, "खेळायचं नाही, लोक मोकळा वेळ कसा घालवतात आणि त्यांची सोय कशी करायची, ते." हे सिंधूनेच मला तीनदा समजावलं होतं, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

चौथ्या वर्षी पदवीवर 'ऑनर्स' लागायचं असेल तर स्वतःचं संशोधन करून दाखवावं लागतं. पोरीला पुढे पीएचडी करायची होती, त्यामुळे ऑनर्स हवंच होतं. तिने आमच्या टाउनशिपचा क्लब निवडला. निवृत्त लोक रोज किती येतात, कधी येतात, काय करतात. संध्याकाळी चार ते सात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचं आणि मोजायचं. कोणाला काही सांगायचं नाही, सुचवायचं नाही.

पहिल्या दिवशी ती घरी आली. मी विचारलं, "किती?"

"नऊ."

दुसऱ्या दिवशी सात. मग अकरा. मग परत आठ.

मला अन्न गोड लागेना. ज्या क्लबात एकेकाळी कॅरमच्या बोर्डासाठी रांग लागायची, तिथे सात माणसं? आणि ही पोरगी ते युनिव्हर्सिटीत लिहून देणार! शिवाय मला वाटलं, सात-आठ माणसांवर कोण ऑनर्स देतं? आमच्या कारखान्यात दिल्लीहून कोणी येणार असलं की झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागायचा, कुंड्या भाड्याने यायच्या, कँटीनमध्ये त्या दिवशी पनीर. कोणी बघायला आलं की चांगलं दाखवायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्यासारख्यांना पाहूनच.

मी जुनी वही काढली आणि ड्यूटी चार्ट केला. ए शिफ्ट चार ते पाच, बी पाच ते सहा, सी सहा ते सात. दर शिफ्टला दहा माणसं. नावं आडनावाच्या क्रमाने टाकली, सगळ्यांना फोन केले. "सिंधूच्या शिक्षणाचा प्रश्न आहे. ड्यूटी लागली आहे. टाळायची नाही." आणि गंमत म्हणजे एकानेही नाही म्हटलं नाही. बायको वर्षभर मागे लागली तरी जे फिरायला उठले नाहीत, ते ड्यूटी म्हटल्यावर इस्त्रीचा शर्ट घालून हजर!

आडनावाच्या क्रमाने एक घोटाळा झाला खरा. विजय आणि दत्तात्रय दोघेही बी शिफ्टला एकाच बोर्डावर आले. बारा वर्षांपूर्वी कॅरमची राणी कोणी आधी घेतली यावरून दोघांचं फाटलं होतं, तेव्हापासून एक क्लबात आला की दुसरा बाहेर. दोघांनीही मला फोन केला. "नलिनीताई, बदलून द्या." मी म्हटलं, "फाउंड्रीत शिफ्ट बदलून मिळायची का? मग इथेही नाही." दोघे गुपचूप आले. पहिले तीन दिवस बोर्डाशीच बोलले.

सिंधू रोज घरी येऊन म्हणायची, "आजी, कमाल हो गया. आज तीस!" मी मनातल्या मनात फुगायचे. तीन आठवडे हे चाललं.

मग एक दिवस ती आली ती आकडा न सांगताच थेट स्वयंपाकघरात गेली. ताटात फक्त वरण-भात घेतला आणि तोही चिवडत बसली.

"झालं काय?"

"आज सहा वाजता केशवकाका माझ्यापाशी आले," ती म्हणाली. "म्हणाले, बाई, माझा टाइम झाला, पण रिलीव्हर नाही आला. जाऊ का मी?"

मी पाण्याचा घोट घेतला.

केशवराव टर्बाइन विभागातले फिटर, अकोल्याकडचे, देवमाणूस. पुढची शिफ्ट आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, हे त्यांच्या हाडात. त्या बिचाऱ्याने जे नोकरीभर केलं तेच केलं.

"रोज तीस," सिंधू म्हणाली. "संडे को भी तीस. पाच आणि सहाच्या ठोक्याला दहा माणसं उठतात, दहा बसतात. मला आधीच कळायला हवं होतं. आजी, तूने मेरे डेटा की वाट लगा दी."

मी आधी भांडले. चूक असली की मी आधी भांडतेच. तुझ्यासाठीच केलं, माणसं आली त्यात वाईट काय, मोजायलाच हवी होती ना? तिने उठून ताट घासायला ठेवलं आणि खोलीत गेली. दारामागून हुंदका ऐकू आला तेव्हा माझा सगळा आव उतरला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. त्या पोरीची चार वर्षं माझ्या शहाणपणापायी पाण्यात जाणार होती, आणि याची मला इतकी लाज वाटली की टाइम ऑफिसात कधी कोणाला वाटली नसेल.

दुसऱ्या दिवशी मी चार्ट घेऊन तिच्याबरोबर युनिव्हर्सिटीत गेले. तिच्या गाईड कमल मॅडम. मी सगळं कबूल केलं, चार्ट टेबलावर ठेवला. मॅडमनी तो नीट वाचला, एकदा हसू दाबलं, मग गंभीर झाल्या.

"हे तीन आठवडे बाद," त्या म्हणाल्या. "सिंधू, जमा करायला पंचवीसच दिवस आहेत. पुन्हा तीन आठवडे मोज. आणि काकू, तुम्ही चार्ट रद्द करा. कोणाला फोन नाही, कारण सांगायचं नाही, आणि तोवर क्लबच्या आसपासही दिसायचं नाही."

मी नोटीस लावली: 'ड्यूटी चार्ट रद्द.' खाली सही केली आणि घरी येऊन बसले.

ते एकवीस दिवस मला फार जड गेले. चार वाजले की पाय आपोआप चपलेकडे जायचे. त्याआधी मी क्लबात रोज एक चक्कर मारायचे, सगळे आले का बघायचे, चहा घेऊन परतायचे. आता केशवरावांचा दोनदा फोन आला, तोही मी घेतला नाही. न जाणो तोंडातून काही निघालं तर! सिंधूचा राग एव्हाना गेला होता. मला बसून बसून कंटाळा येतो म्हणून ती येताना गरम कचोरी आणायची.

चार्ट रद्द झाल्यावर पहिल्या दिवशी माणसं आली एकोणीस. दुसऱ्या दिवशी बावीस. मग सतरा, मग चोवीस. पंधराच्या खाली एकदाही गेलं नाही. ठोक्याला उठणं-बसणं बंद झालं, कोणी साडेचारला येई, कोणी पावणेसहाला.

"मग झालं की!" मी म्हटलं. "आकडे मिळाले."

"आकडा मिळाला, कारण नाही मिळालं," सिंधू म्हणाली. "आधी नऊ यायचे. चार्ट रद्द, तरी बीस. मॅम विचारतात, का? मी सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतले. काय लिहितात बघ. 'अच्छा लगता है.' 'टाइमपास.' विजयकाकांनी लिहिलंय, 'ऐसे ही.' ऐसे ही पे कौन ऑनर्स देगा, आजी?"

मॅडमनी सरळ सांगितलं होतं, कारण पुराव्यानिशी दे, नाहीतर हे नुसतं मोजणं आहे, संशोधन नाही. जमा करायला चार दिवस उरले. सिंधू त्या फॉर्मांचा ढीग पुढ्यात घेऊन बसलेली, डोळ्यांखाली काळं आलेलं. मी तिच्या शेजारी बसून काहीच करू शकत नव्हते. हात बांधून बसणं मला जमत नाही, पण आता हात लावायची भीती वाटत होती.

त्या दिवशी पाचच्या सुमाराला बेल वाजली. दारात केशवराव, आणि त्यांच्यामागे विजय आणि दत्तात्रय, हे दोघे चक्क एका स्कूटरवरून आलेले. केशवरावांच्या काखेत लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर.

"मॅडम," केशवराव उभ्यानेच म्हणाले, "तुम्ही एकवीस दिवस गैरहजर आहात. विनापरवानगी. आम्ही नोटीस द्यायला आलो."

"कसली नोटीस?"

त्यांनी रजिस्टर उघडलं. माझ्याच पद्धतीने आखलेलं, उभ्या रेघा, आडव्या रेघा, तारखा. नावं त्याच क्रमाने. आणि अगदी तळाशी, नव्या शाईत, माझं नाव, 'बी शिफ्ट, पाच वाजता'. त्यापुढे एकवीस वेळा 'गै'.

"माझं नाव तर चार्टमध्ये नव्हतंच," मी म्हटलं.

"नव्हतं, म्हणून टाकलं," दत्तात्रय म्हणाले. "सगळ्यांची ड्यूटी लावली आणि स्वतः मोकळ्या? असं कुठे असतं का?"

"तुम्ही चार्ट रद्द केला," केशवराव म्हणाले, "पण आम्हाला रिलीव्ह कुठे केलं? मग हजेरी कोणी तरी ठेवायला पाहिजे ना. दोन दिवस कोणी नाही आलं तर घरी जाऊन बघायचं, असं ठरलं आमचं. तुमचं विचारलं तर ही पोरगी म्हणे, आजी ठीक आहे. ठीक आहे तर येत काऊन नाही?"

सिंधू कधी उठून आली मला कळलं नाही. तिने रजिस्टर जवळजवळ ओढूनच घेतलं. शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं. 'ताप. विजय दवा देऊन आला.' 'मुलीकडे मंडीदीपला, सोमवारी परत.' 'रुसला आहे. दत्तात्रयने आणला.' पानामागून पान.

"काका, हे रजिस्टर होतं कुठे?" तिने विचारलं. "मी रोज तिथेच बसले होते!"

"कॅरमच्या पावडरीच्या ड्रॉवरमध्ये," विजय म्हणाले. "तू ठहरी बाहर की इन्स्पेक्शनवाली. आतलं रजिस्टर बाहेरच्याला दाखवतात का?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! सिंधू आधी हसली, मग तिने केशवरावांना मिठीच मारली, मग मॅडमना फोन लावला. "मॅम, कारण मिला. लोक येतात, क्योंकि नाही आले तर कोणीतरी विचारायला जातं. पुरावा आहे, तारखांसकट." पलीकडे मॅडम काय म्हणाल्या ऐकू आलं नाही, पण सिंधूने माझ्याकडे बघून अंगठा वर केला आणि लगेच मोबाइलने पानांचे फोटो काढायला बसली. पुढे तिला ऑनर्स मिळालं. सगळ्यांची नावं तिने बदलली होती, तरी प्रत्येकाने आपापलं पान ओळखलं.

मी मात्र त्या एकवीस 'गै'कडेच बघत होते. चौतीस वर्षं मी हजारो माणसांपुढे हे अक्षर लिहिलं. ते लिहिणारं कोणीतरी त्या माणसाची वाटही बघत असू शकतं, हे मला कधी सुचलं नव्हतं. मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं आणि मी ते लपवलंही नाही.

"बरं, द्या इकडे, सही करते," मी डोळे पुसून म्हटलं.

"घरी हजेरी लागत नाही," केशवराव म्हणाले आणि त्यांनी रजिस्टर मिटलं.

मी चपला घातल्या. सिंधू माझा हात धरून चालत होती, शेजारी केशवराव, पुढे स्कूटर रखडत रखडत आमच्या चालीने. क्लबात पोचलो तर तीनही बोर्ड भरलेले. कोणी उठलं नाही, कोणी स्वागत केलं नाही, एकाने फक्त बाकावर सरकून जागा केली. मी सही केली.

केशवरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, चष्मा सावरला आणि माझ्या सहीपुढे लिहिलं, 'चाळीस मिनिटं उशीर.'